रक्तातील प्रथिने मोजणारे नॅनो-ट्रान्झिस्टर: प्रश्न संवेदनशीलतेचा की मिठाचा?

ऋणप्रभार

रक्तातील एखादे प्रथिन नॅनोतार, कार्बन नॅनोनलिका किंवा ग्राफीनच्या (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) ट्रान्झिस्टरने फेमटोमोलर (लिटरमागे साधारण साठ कोटी रेणू, म्हणजे अतिशय विरळ) पातळीवर ओळखता आले, असे सांगणारे शोधनिबंध गेली वीसेक वर्षे सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. तरीही निदान करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे) किंवा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीशी संबंधित) यांसारखी प्रथिने आजही मुख्यतः रंग बदलणाऱ्या किंवा प्रकाश देणाऱ्या प्रतिपिंड-चाचण्यांनीच मोजली जातात. असे का, याचा ऊहापोह व्हावा म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: ट्रान्झिस्टर पुरेसा संवेदनशील आहे की नाही, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे, घोडे अडले आहे ते रक्तातल्या मिठापाशी आणि त्याखालोखाल मोजमापाच्या शिस्तीपाशी.

विषय नवा असलेल्यांसाठी मूळ कल्पना थोडक्यात सांगतो. ट्रान्झिस्टरमध्ये सोर्स आणि ड्रेन यांच्यामधून वाहणारा प्रवाह गेटवरील व्होल्टेजमुळे कमीजास्त होतो. १९७० मध्ये नेदरलँड्समधील पीट बर्गवेल्ड यांनी धातूचे गेट काढून टाकले आणि त्याच्या जागी थेट द्रावण आणले. द्रावणातील हायड्रोजन आयन ऑक्साइडच्या पृष्ठभागाशी देवाणघेवाण करतात, पृष्ठभागावरील विद्युतभार बदलतो आणि त्यासरशी खालचा प्रवाहही बदलतो. हाच तो आयन-संवेदी ट्रान्झिस्टर. त्या ऑक्साइडवर विशिष्ट प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड चिकटवले, तर प्रथिन येऊन बसताच त्याच्या स्वतःच्या विद्युतभारामुळे प्रवाह बदलेल आणि कोणताही रंग, विकर किंवा चमकणारा रेणू न जोडता मोजमाप होईल, अशी पुढची अपेक्षा होती.

नॅनोपदार्थ येथे कामाला आले. जाड अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर एखादा रेणू बसला, तरी आतला बहुतांश प्रवाह त्याची दखल घेत नाही. वीस नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉन तारेत मात्र जवळजवळ सगळा प्रवाह पृष्ठभागालगतच असतो. ग्राफीनमध्ये तर पृष्ठभागाखेरीज दुसरे काही नाहीच. हार्वर्डमधील चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ मध्ये सिलिकॉन नॅनोतारेवर बायोटिन हे जीवनसत्त्व लावून त्याला धरणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन ओळखून दाखवले आणि २००५ मध्ये त्याच गटाने अनेक तारांच्या एकाच चिपवर पीएसएसह कर्करोगाशी संबंधित अनेक प्रथिने एकाच वेळी मोजली. तो प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. मात्र वाचताना एक तपशील नजरेतून सुटू देऊ नये: वापरलेल्या सीरममधील (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) क्षार आधी काढून टाकलेले होते.

क्षार का काढावे लागतात, हा या विषयाचा गाभा आहे. खाऱ्या द्रवात कोणताही विद्युतभारित रेणू आला की विरुद्ध भाराचे आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्याचे विद्युतक्षेत्र झाकून टाकतात. हे क्षेत्र किती अंतरापर्यंत जाणवते, याचे माप म्हणजे डिबाय लांबी. रक्ताइतक्या खाऱ्या, म्हणजे सुमारे १५० मिलिमोलर द्रवात ती जेमतेम ०.८ नॅनोमीटर भरते. एक पूर्ण प्रतिपिंड स्वतःच दहा ते पंधरा नॅनोमीटर लांबीचा असतो. त्याने आपल्या टोकाशी प्रथिन पकडले, तरी ते पृष्ठभागापासून अनेक डिबाय लांबी दूर असते. अवघ्या पाच नॅनोमीटर अंतरावरच्या भाराचा परिणामसुद्धा साध्या घातांकी घसरणीच्या हिशेबाने पाचशेहून अधिक पटींनी घटतो. दाराबाहेर कोणी कितीही हाका मारल्या, तरी मधली भिंत जाड असेल तर आत बसलेल्याला त्या ऐकू येत नाहीत, आणि आतला माणूस कितीही तीक्ष्ण कानांचा असला तरी फरक पडत नाही. नॅनोपदार्थांनी कान तीक्ष्ण केले. भिंत तशीच राहिली.

मीठ शंभरपट पातळ केले, तर डिबाय लांबी दहापट वाढून आठ नॅनोमीटरच्या आसपास जाते, कारण ती संहतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. पण नमुना पातळ करताना मिठासोबत आपले प्रथिनही तितकेच पातळ होते, शिवाय कमी क्षारांच्या द्रवात प्रतिपिंड आणि प्रथिन यांची पकड बदलते आणि इतर प्रथिने पृष्ठभागाला चिकटण्याची रीतही बदलते. त्यामुळे विरळ बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) नोंदवलेला आकडा रक्तातल्या निदानासाठी जसाच्या तसा उचलता येत नाही.

आयन-संवेदी ट्रान्झिस्टर जेथे खरोखर यशस्वी झाला ती ठिकाणे पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. काचेशिवायचे पीएच मोजणारे प्रोब आणि डीएनएचा क्रम वाचणाऱ्या अर्धवाहक चिप, या दोन्हींमध्ये मोजला जातो तो हायड्रोजन आयन, आणि तो पृष्ठभागाला थेट भिडतो. मध्ये दहा नॅनोमीटरचा रेणू उभा नसतो.

जाणकारांनी आपापल्या अनुभवातून भर घालावी, विशेषतः रुग्णालयीन प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी.

सीरमपाल

ऋणप्रभार, विषय नेमका मांडलात. मी प्रयोगशाळेत रोज प्रतिपिंड-चाचण्यांचे निकाल तपासतो, म्हणून पलीकडच्या बाजूने काही मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा असा, की 'किती कमी मोजता येते' हा आकडा आम्ही सहसा विचारतच नाही. पीएसएसाठी दीर्घकाळ वापरला गेलेला उंबरठा ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे, म्हणजे ढोबळमानाने शंभर पिकोमोलरच्या वर (एक पिकोमोलर म्हणजे हजार फेमटोमोलर). तेथे फेमटोमोलर संवेदनशीलतेचे प्रयोजन काय? उलट ट्रोपोनिनच्या बाबतीत ती हवी असते. उच्च-संवेदी ट्रोपोनिन-टी चाचणीत निरोगी लोकांची ९९ व्या शतमानाची मर्यादा (शंभरातील नव्व्याण्णव निरोगी लोकांची पातळी जिच्या आत असते ती) १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरली जाते आणि ती अर्ध्या पिकोमोलरच्याही आत येते. पण तेथेही निकष फक्त ओळखण्याचा नाही. या मर्यादेपाशी पुनःपुन्हा मोजले असता निकालांतील विचलन दहा टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, अशी अट आहे. शोधनिबंधांत हा दहा टक्क्यांचा आकडा मला फार क्वचित दिसतो.

दुसरे म्हणजे, हृदयविकाराच्या संशयात आम्ही एकच नमुना पाहून थांबत नाही. एक ते तीन तासांच्या अंतराने दुसरा नमुना घेतात आणि पातळी चढते की नाही, हे पाहतात. फरक काही नॅनोग्रॅमचाच असू शकतो. एकदा वापरून फेकायचा सेन्सर असेल, तर पहिला नमुना एका ट्रान्झिस्टरवर आणि दुसरा दुसऱ्यावर मोजला जाणार. मग दोन ट्रान्झिस्टरांमधला फरक आणि रुग्णाच्या रक्तातला फरक वेगळा कसा करायचा?

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या नेहमीच्या सँडविच पद्धतीत एकाच रेणूला दोन वेगवेगळ्या प्रतिपिंडांनी दोन वेगळ्या जागी ओळखावे लागते, मगच सिग्नल मिळतो. मध्ये धुण्याची पायरीही असते. 'काहीही न जोडता मोजमाप' हे ट्रान्झिस्टरचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की साक्षीदार एकच उरतो. सीरममध्ये एकट्या अल्ब्युमिनचे प्रमाण प्रति लिटर ३५ ते ५० ग्रॅम असते. ४ नॅनोग्रॅम पीएसएच्या तुलनेत ते सुमारे एक कोटीपट झाले. त्यातला अत्यल्प अंश जरी पृष्ठभागाला उगाच चिकटला, तरी ट्रान्झिस्टरला तो भारच दिसणार. कोणाचा भार, हे त्याला कळत नाही.

प्रथमवर्ष_पीएचडी

आपणा दोघांचे प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टी उलगडल्या. मी नुकतेच या विषयावर काम सुरू केले आहे, त्यामुळे दोन प्राथमिक प्रश्न विचारतो. पूर्ण प्रतिपिंडाऐवजी लहान रेणू वापरून डिबाय लांबीची अडचण टाळता येते, असे वाचले. ते कितपत खरे आहे? आणि ग्राफीन, नॅनोतार व मॉलिब्डेनम डायसल्फाइड (अतिपातळ थरांचा एक अर्धवाहक) यांपैकी निवड कशाच्या आधारे करावी? आमच्या गटात ग्राफीनच वापरायचे, असे जवळपास ठरल्यासारखे आहे.

ऋणप्रभार

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: काही प्रमाणात खरे आहे आणि त्यातले काही मार्ग खरोखर चांगले आहेत. प्रतिपिंडाची फक्त पकडणारी बाजू किंवा उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून मिळणारे नॅनोबॉडी वापरले, तर प्रथिन पृष्ठभागाच्या बरेच जवळ येते. तरी दोन-चार नॅनोमीटर उरतातच, म्हणजे पूर्ण रक्तात अडचण सौम्य होते, नाहीशी होत नाही.

ॲप्टामरची गोष्ट मला अधिक रोचक वाटते. हे डीएनए किंवा आरएनएचे छोटे धागे असतात, त्यांच्यावर स्वतःचा भरपूर ऋणभार असतो आणि लक्ष्यरेणू सापडला की त्यांची घडी बदलते. अशा वेळी लक्ष्यरेणूवर भार आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. धाग्याचा स्वतःचा भार पृष्ठभागाजवळ किंवा दूर सरकला, एवढेच ट्रान्झिस्टरला पुरते. २०१८ मध्ये इंडियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर अशा ॲप्टामरनी सेरोटोनिन आणि डोपामिन शरीराइतक्याच खाऱ्या द्रवात ओळखून दाखवले गेले. ते लहान रेणू आहेत, प्रथिने नाहीत, हे मान्य. पण अडचणीला वळसा घालण्याची ही रीत प्रथिनांसाठीही वापरता येते, अट एवढीच की घडी पुरेशी बदलणारा ॲप्टामर मिळाला पाहिजे. तो शोधणे हेच खरे काम आहे आणि ते चिप बनवणाऱ्यांचे नव्हे.

तिसरा मार्ग पृष्ठभागावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा सच्छिद्र थर देण्याचा. लीबर यांच्याच गटाने २०१५ मध्ये या थरामुळे १०० मिलिमोलर बफरमध्ये पीएसए मोजता आल्याचे दाखवले. थरामध्ये आयनांची वागणूक बदलते आणि झाकण्याची लांबी जणू वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. याखेरीज उच्च वारंवारतेचे व्होल्टेज देऊन मोजण्याची पद्धत आहे: आयनांना इतक्या वेगाने मागेपुढे होता येत नाही आणि आवरण ढिले पडते. कार्बन नॅनोनलिकांवर २०१२ मध्ये ती वापरून झाली आहे, पण त्यासाठी लागणारी जोडणी पाहता ती रुग्णाच्या खाटेपाशी नेण्याचा उत्साह मावळतो.

दुसरा प्रश्न. पदार्थाची निवड आधी आणि अडचणीचा विचार नंतर, हा क्रम मला उलटा वाटतो. ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉनांची गतिशीलता उत्तम असते आणि पायरीनचा चपटा रेणू त्यावर सहज बसतो, त्यामुळे पृष्ठभागाला इजा न करता प्रतिपिंड जोडता येतात. पण त्याला ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनांना ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) नसल्यामुळे प्रवाह पूर्ण बंद करता येत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ऊर्जा-अंतर असते, म्हणून उंबरठ्याखालच्या भागात (ट्रान्झिस्टर पूर्ण चालू होण्याआधी) प्रवाहातील टक्केवारीचा बदल फार मोठा दिसतो. सिलिकॉनच्या तारा प्रस्थापित चिप-उद्योगाच्या पद्धतींनी करता येतात आणि त्या एकसारख्या निघण्याची शक्यता सर्वाधिक असते. सीरमपाल यांनी मांडलेल्या दोन नमुन्यांच्या प्रश्नाकडे पाहिले, तर माझे मत सिलिकॉनकडे झुकते. शोधनिबंधासाठी ग्राफीन देखणे आहे, यात वाद नाही.

संदर्भ_इलेक्ट्रोड

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने लिहितो. टक्केवारीतल्या बदलाचा उल्लेख आला म्हणून आधी तेच. 'प्रवाह ४० टक्क्यांनी बदलला' या विधानाला ट्रान्झिस्टर कोणत्या व्होल्टेजवर चालवला होता, हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही. तोच पृष्ठभागावरचा बदल एका ठिकाणी चार टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी चारशे टक्के दिसू शकतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा वक्र आधी मोजून घ्यावा आणि प्रवाहातला बदल गेट-व्होल्टेजच्या मिलिव्होल्टमध्ये रूपांतरित करून द्यावा; मग निरनिराळ्या ट्रान्झिस्टरांची आणि निरनिराळ्या गटांची तुलना निदान शक्य होते. ट्रान्झिस्टरांमधल्या फरकाचा मोठा हिस्सा एवढ्यानेच कमी होतो.

मग येते विस्थापन, म्हणजे आपोआप सरकत जाणारी आधाररेषा. एक प्रयोग डोळ्यांसमोर आणा. उघड्या कप्प्यात दहा मायक्रोलिटर बफरचा थेंब आहे, चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइड चढवलेला संदर्भ इलेक्ट्रोड (द्रावणाचे व्होल्टेज स्थिर ठेवणारा) त्यात बुडवला आहे आणि पडद्यावर प्रवाहाची रेघ संथपणे खाली सरकते आहे. नमुन्याचा थेंब घातला की रेघ उसळते, काही सेकंदांत पुन्हा खाली येते आणि आधीपेक्षा वेगळ्या उंचीवर स्थिरावल्यासारखी दिसते. हा फरक प्रथिनाचा आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण दरम्यान थेंब सुकत होता, म्हणजे क्षारांची संहती वाढत होती. नव्या थेंबाचे तापमान आणि पीएच किंचित वेगळे होते. ऑक्साइडमध्ये आयन हळूहळू शिरत होते. आणि पीएच ०.१ ने बदलला तरी आदर्श ऑक्साइडवर साधारण सहा मिलिव्होल्टचा फरक पडतो, कारण २५ अंश सेल्सियसला एका पीएच एककामागे ५९ मिलिव्होल्ट ही सैद्धान्तिक कमाल आहे. रक्ताइतक्या खाऱ्या द्रवात प्रथिनाकडून मिळणारा सिग्नल याहून मोठा असेलच, असे नाही. काही गट साध्या प्लॅटिनमच्या तारेला संदर्भ इलेक्ट्रोड म्हणतात, त्याबद्दल तर न बोललेले बरे.

'नॅनो' हा आग्रहही मला तपासून पाहावासा वाटतो. विस्तारित गेटच्या रचनेत संवेदी पृष्ठभाग म्हणून सोन्याचा एक साधा इलेक्ट्रोड वेगळा ठेवतात आणि तो तारेने नेहमीच्या ट्रान्झिस्टरच्या गेटला जोडतात. ओला भाग फेकून देता येतो आणि इलेक्ट्रॉनिक्स कोरडे राहते. इटलीतील बारी विद्यापीठाच्या लुईसा तोर्सी यांच्या गटाने २०१८ मध्ये तर मिलिमीटर आकाराच्या ट्रान्झिस्टरने एकेका रेणूच्या पातळीवर ओळख होत असल्याचे मांडले. त्यामागच्या यंत्रणेवर मतभेद असू शकतात, पण मोठ्या पृष्ठभागाचा एक फायदा निर्विवाद आहे: विरळ रेणू त्याला सापडण्याची शक्यता जास्त असते.

ऋणप्रभार

शेवटच्या वाक्याला आकड्यांची जोड देतो. एक फेमटोमोलर द्रावणाच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे सहाशे रेणू असतात. सामान्य प्रथिनाला केवळ विसरणाने (आपोआप पसरत जाण्याने) एक मिलिमीटर अंतर कापायला तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे स्थिर थेंबात, वीस नॅनोमीटर रुंदीच्या एका तारेवर या सहाशेंपैकी एखादा तरी रेणू काही मिनिटांत येऊन बसेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. २००५-०६ च्या सुमारासच विसरणाच्या या मर्यादेचे गणित प्रसिद्ध झाले होते. तरीही 'फेमटोमोलर, पाच मिनिटांत' अशी विधाने नंतरही येत राहिली, आणि त्यांत द्रव वाहता होता की स्थिर, हे शोधावे लागते.

प्रथमवर्ष_पीएचडी

मग करोनाच्या काळात गाजलेल्या ग्राफीन सेन्सरकडे कसे पाहावे? विषाणूच्या काटेरी प्रथिनासाठी एक फेमटोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी मर्यादा त्यात दिली होती.

ऋणप्रभार

२०२० चे ते काम दक्षिण कोरियातील गटाचे. एक फेमटोग्रॅमचा आकडा स्वच्छ अशा फॉस्फेट बफरमधला होता. नमुना वाहून नेण्याच्या द्रवात त्यांनीच शंभर फेमटोग्रॅमचा आकडा दिला आहे. द्रव बदलताच मर्यादा शंभरपट सरकली, हे त्यांनी प्रामाणिकपणे छापले. बातम्यांत पहिलाच आकडा फिरला. असे शोधनिबंध वाचताना मी आणखी एक पडताळणी करतो. साध्या समतोलाच्या गणितानुसार पृष्ठभागावरील जागा दहा टक्के भरल्यापासून नव्वद टक्के भरेपर्यंत संहती ८१ पट, म्हणजे जेमतेम दोन दशके (एक दशक म्हणजे दहापट) वाढावी लागते. आलेखात मात्र सिग्नल सहा-सहा दशके लॉगरिदमच्या सरळ रेषेत चढताना दिसतो. त्याला कारणे असू शकतात: पृष्ठभागावरील जागा एकसारख्या नसतात, बंध एकमेकांवर परिणाम करतात, सिग्नल भाराच्या प्रमाणात वाढत नाही. पण कारण सांगितलेले नसेल आणि त्या प्रतिपिंडाची पकड नॅनोमोलर (हजार पिकोमोलर) दर्जाची असेल, तर फेमटोमोलरला दहा लाखांतली एक जागाच भरलेली असणार. एवढ्याशा बदलाचा सिग्नल आधाररेषेच्या सरकण्यातून कसा वेगळा काढला, हे मी शोधतो.

सीरमपाल

पीएचडी करणाऱ्या मित्राला एक व्यावहारिक सूचना. ट्रोपोनिनच्या मागे लागण्याआधी सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचा विचार करा. दाह असताना त्याची पातळी लिटरमागे अनेक मिलिग्रॅमपर्यंत, तीव्र संसर्गात शंभरावरही जाते. पाच रेणूंचा तो गुच्छ सुमारे ११५ किलोडाल्टनचा (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) असल्याने ५ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ४० नॅनोमोलर होतात. नमुना शंभरपट पातळ केलात, तरी हातात ४०० पिकोमोलर उरतात.

ऋणप्रभार

ही सूचना मला पूर्ण पटते. येथे पातळ करणे ही तडजोड राहत नाही: डिबाय लांबी वाढते, अल्ब्युमिनची गर्दी शंभरपट कमी होते आणि नेहमीच्या प्रतिपिंडांची पकडही पुरते. या प्रथिनाच्या चालू चाचण्या स्वस्त व विश्वासार्ह आहेत, त्यामुळे त्यांना हरवणे कठीण जाईल. पण त्याच कारणाने प्रत्येक नमुन्याचा खात्रीचा आकडा तुलनेसाठी हाताशी मिळेल, आणि सुरुवातीला तोच हवा असतो.

चिपची आखणी करताना प्रत्येक चिपवर तीन प्रकारचे ट्रान्झिस्टर ठेवा: योग्य प्रतिपिंड लावलेले, असंबद्ध प्रतिपिंड लावलेले, आणि केवळ अल्ब्युमिनने झाकलेले. तिघांवरून तोच द्रव, त्याच वेगाने, झाकलेल्या वाहिनीतून जाऊ द्या आणि पहिल्याच्या मिलिव्होल्टमधून दुसऱ्याचे मिलिव्होल्ट वजा करा. प्रथिन नसलेले सीरमही त्याच क्रमात, मध्ये मध्ये, सोडत राहा. पहिल्या महिन्यात प्रथिन घालूच नका. आधी हा वजाबाकीचा आकडा कोऱ्या सीरममध्ये किती हलतो, ते येथे कळवा, मग किती संहतीपासून सुरुवात करायची ते ठरवू.